तेलातलं आम्ल आणि माशावरचा उजेड

रापण ओढून मासळी वाळूवर पडली की मालवणच्या किनाऱ्यावर पहिला प्रश्न ताजेपणाचा असतो. गिऱ्हाईक बांगड्याचा कल्ला उचलून रंग बघतं, पोटावर बोट दाबून बघतं, मासा नाकाजवळ नेतं. तारलीच्या बाबतीत घाई जास्त, कारण तिच्या अंगात तेल असतं. पावसाळ्यात आणि त्यानंतर समुद्रात सूक्ष्म वनस्पतींचं पीक येतं. त्यावर पोसलेली तारली हिवाळ्याच्या तोंडाला अशी तेलकट होते की तव्यावर टाकली तर स्वतःच्याच तेलात भाजून निघते.

मासा मेला की त्याच्या आतड्यातले आणि मांसातले एन्झाइम थांबत नाहीत. तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं चिकटलेली असतात. एन्झाइम ही मेदाम्लं एकेक करून तोडू लागतात. सुटं झालेलं हे आम्ल म्हणजे मुक्त मेदाम्ल. ते किती साचलंय त्यावरून मासा किती वेळ उन्हात पडून होता हे कळतं. पंचनाम्यात लिहावा असा तो पुरावा आहे, फक्त तो वाचता यायला हवा.

तो वाचण्याच्या खटपटीचा इतिहास दोनशे वर्षांचा आहे. त्यातला सर्वांत बारीक मोजमापाचा टप्पा उभा राहिला तो दोन सजीवांच्या प्रकाशावर: समुद्रातला एक जिवाणू, जो मेलेल्या माशाच्या अंगावर अंधारात निळसर उजेड पाडतो, आणि काजवा. मालवणच्या दर्यापासून आंबोलीच्या रानापर्यंत पसरलेल्या सिंधुदुर्गाला हे दोन्ही उजेड ओळखीचे आहेत. म्हणून ही गोष्ट इथल्या वाचकाला सांगावीशी वाटते.

तेलाचा हिशेब

चरबीत आम्ल असतं हे पहिल्यांदा नीट दाखवलं ते फ्रान्सच्या मिशेल शेव्हरेल यांनी. १८११च्या सुमारास त्यांनी डुकराच्या चरबीपासून केलेल्या साबणाची तपासणी सुरू केली. साबणात खनिज आम्ल घातल्यावर त्यातून स्फटिक होणारा एक पदार्थ वेगळा झाला आणि तो स्वतःच आम्ल निघाला. १८२३ साली प्राण्यांच्या चरबीवरचा त्यांचा ग्रंथ आला तेव्हा चरबी म्हणजे ग्लिसरॉल आणि मेदाम्लं यांची जोडणी, हे चित्र तयार झालं होतं. शेव्हरेल १०२ वर्षं जगले आणि या ज्ञानावर साबणाचे आणि मेणबत्त्यांचे कारखाने उभे राहिलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर माशाचं तेल काढण्याची रीत मात्र जुनीच होती. होड्यांच्या लाकडाला ते लावलं जाई, चामडं कमावायला ते विकलं जाई. मलबारात तारली जुन्या होडक्यांत भरून उन्हात कुजवत ठेवायची आणि वर तरंगलेलं तेल काढून घ्यायचं, असा प्रकार चाले. काळं, उग्र वासाचं, आम्लानं भरलेलं ते तेल कवडीमोल जाई. १९०५ साली मद्रास सरकारने सर फ्रेडरिक निकोल्सन यांच्याकडे मत्स्यव्यवसायाच्या अभ्यासाचं काम सोपवलं. निकोल्सन यांनी मलबारच्या मच्छीमारांना साधी गोष्ट दाखवली: मासा ताजा असतानाच पाण्यात उकळा, मग दाबून तेल काढा. भांडी तीच, माणसं तीच, मासाही तोच. फरक फक्त वेळेचा होता. उकळल्यामुळे एन्झाइमचं काम तिथंच संपतं, म्हणून तेल फिकट आणि सौम्य राहतं. पुढच्या काही वर्षांत मलबार आणि दक्षिण कानडाच्या किनाऱ्यावर तेलाचे असे छोटे कारखाने पसरले.

या प्रश्नाला दुसऱ्या महायुद्धात जिवाचं महत्त्व आलं. एप्रिल १९४०मध्ये जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला आणि तिथून येणारं कॉड माशाच्या यकृताचं तेल बंद पडलं. रातांधळेपणावर आणि कुपोषित मुलांसाठी अ जीवनसत्त्व हवं होतं. तेव्हा मद्रास, त्रावणकोर आणि मुंबई या सरकारांनी शार्कच्या यकृताकडे मोर्चा वळवला. कोकणात मोरी, मुशी अशी शार्क ताटात होतीच, आता तिच्या यकृताला औषधाचं मोल आलं. यकृत हा एन्झाइमांनी भरलेला अवयव. तो काही तास उन्हात राहिला तरी तेलातलं आम्ल वाढतं. म्हणून यकृत कधी काढलं, कशात ठेवलं आणि कारखान्यापर्यंत किती वेळाने पोचलं, यावर औषधाची प्रत ठरू लागली.

ती प्रत मोजायची कशी? ब्युरेट नावाच्या, खुणा कोरलेल्या काचेच्या नळीतून. तोललेलं तेल अल्कोहोलमध्ये मिसळायचं, फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकायचे आणि वरून अल्कली थेंबाथेंबाने सोडायचा. गुलाबी छटा येते, हलवलं की विरते, पुन्हा येते. ती अर्धा मिनिट टिकली की थांबायचं. एक ग्रॅम तेलातलं आम्ल मारायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागलं, तो त्या तेलाचा आम्लांक. पद्धत स्वस्त, पक्की आणि आजही चालू आहे. खाण्याच्या माशाच्या तेलासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या २०१७च्या मानकात आम्लांक सर्वसाधारणपणे ३च्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे, आणि तो आकडा असाच काढला जातो.

पण या पद्धतीला तेल लागतं आणि बऱ्यापैकी लागतं. एका माशाच्या चिमूटभर मांसातलं किंवा माणसाच्या रक्ताच्या थेंबातलं आम्ल तिला पकडता येत नाही.

रक्तातला शोध

रक्ताकडे लक्ष गेलं ते १९५६ साली. त्या एका वर्षात अमेरिकेत व्हिन्सेंट डोल, तिथेच रॉबर्ट गॉर्डन आणि अमेलिया चर्क्स, आणि स्वीडनमध्ये सिगुर्ड लॉरेल यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की रक्तात फिरणारी मुक्त मेदाम्लं हा शरीराचा चालू खर्चाचा पैसा आहे. रक्तातल्या एकूण मेदात त्यांचा वाटा अगदी लहान, म्हणून तोवर त्यांना कुणी फारसं विचारलं नव्हतं. पण ती काही मिनिटांत उचलली जातात आणि तितक्याच वेगाने नवी येतात. माणूस उपाशी राहिला की त्यांची पातळी चढते. ग्लुकोज दिलं किंवा इन्सुलिन टोचलं की उतरते. चरबीच्या पेशींतून निघालेलं हे इंधन स्नायूंना आणि हृदयाला पुरवलं जातं. मधुमेहात हा तोल बिघडतो, त्यामुळे हे मोजमाप दवाखान्याच्या कामाचं ठरलं.

डोल यांनी प्लाझ्मामधून आम्ल वेगळं काढण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल, हेप्टेन आणि थोडं सल्फ्युरिक आम्ल यांचं मिश्रण वापरलं आणि वर तरंगणाऱ्या थरात अल्कली सोडून मोजणी केली. हवेतला कार्बन डायऑक्साइडसुद्धा आकडा बिघडवतो, म्हणून नळीत नायट्रोजन सोडावा लागे. हात बसलेल्या माणसाला बरोबर उत्तर मिळे, नवख्याला दर वेळी वेगळं.

मासळीच्या बाजूनेही तीच निकड होती. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनच्या टॉरी संशोधन केंद्रात जून ऑली आणि जे. ए. लव्हर्न यांनी १९६०च्या सुमारास दाखवलं की गोठवलेल्या कॉडमध्येसुद्धा मेदाम्लं सुटत राहतात. बर्फाने एन्झाइमची चाल मंदावते, थांबत नाही. कॉडच्या मांसात तेल नसल्यातच जमा, तरी पेशींच्या आवरणातली फॉस्फोलिपिडं तुटत होती. म्हणजे ब्युरेटच्या आवाक्याबाहेर, पण चवीवर आणि मांसाच्या पोतावर परिणाम करणारं काहीतरी घडत होतं.

उजेडाचा माग

आता दुसरा धागा. १६६८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत रॉबर्ट बॉयल यांनी चमकणारं कुजकं लाकूड आणि चमकणारा मासा काचेच्या भांड्यात ठेवला आणि पंपाने हवा काढून घेतली. उजेड मंदावला. हवा परत सोडली, उजेड परतला. जिवंत प्रकाशाला हवा लागते हे कळलं. माशावर चमकणारे जिवाणू असतात हे कळायला मात्र एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

इथे एक फरक सांगायला हवा. हिवाळ्यात कधी कधी देवबाग-तारकर्लीच्या लाटा निळ्या चमकतात, तो उजेड नॉक्टिल्युकासारख्या एकपेशीय जीवांचा. लाट फुटली, वल्हं लागलं की ते क्षणभर चमकतात. मेलेल्या माशावरचा जिवाणूंचा उजेड वेगळा. तो न लुकलुकता, सलग राहतो. दोन्हींचं रसायनही वेगळं आहे. आपल्या गोष्टीत कामी आला तो माशावरचा.

१८८५ ते १८८७ या काळात फ्रान्समध्ये रफाएल द्युबुआ यांनी प्रकाशणाऱ्या भुंग्यांवर आणि मग फोलास नावाच्या शिंपल्यावर सोपा प्रयोग केला. प्रकाश देणारा भाग थंड पाण्यात वाटला तर अर्क काही वेळ चमकून विझतो. दुसरा भाग गरम पाण्यात टाकला तर लगेच विझतो. दोन्ही विझलेले अर्क, थंड झाल्यावर, एकत्र केले की पुन्हा उजेड! पहिल्यात उष्णतेने मरणारा एन्झाइम शिल्लक होता, दुसऱ्यात न खर्चलेलं इंधन. त्यांना द्युबुआ यांनी लुसिफेरेज आणि लुसिफेरिन अशी नावं दिली.

बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम मॅकएल्रॉय काजव्यांवर काम करत होते. शंभर काजव्यांना पंचवीस सेंट असा भाव त्यांनी मुलांसाठी लावला आणि शहरातली पोरं बरण्या घेऊन संध्याकाळी बाहेर पडू लागली. १९४७ साली मॅकएल्रॉय यांनी विझलेल्या काजव्याच्या अर्कात एटीपी टाकलं आणि अर्क पेटला. एटीपी हे प्रत्येक पेशीचं ऊर्जेचं चलन. ते जितकं जास्त, तितका उजेड जास्त. म्हणजे उजेड मोजला की एटीपी मोजलं गेलं. काजव्याच्या शेपटीतून रसायनशास्त्राला एक मापनयंत्र मिळालं.

जिवाणूंचा उजेड मात्र असा सहजी उलगडेना. १९५३च्या सुमारास बर्नार्ड स्ट्रेलर आणि मिल्टन कॉर्मियर यांनी चमकत्या जिवाणूंच्या पेशी फोडून अर्क काढला. त्यात प्राण्याच्या मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थराचा अर्क मिसळला की उजेड वाढे. मूत्रपिंडात असं काय आहे? शुद्ध करत करत ते ज्या पदार्थापाशी पोचले तो निघाला लांब साखळीचा ॲल्डिहाइड, मेदाम्लाचा सख्खा भाऊ. जिवाणूचा लुसिफेरेज हा ॲल्डिहाइड, प्राणवायू आणि फ्लेव्हिन नावाचा सहाय्यक रेणू यांना एकत्र आणतो. निळसर उजेड बाहेर पडतो आणि ॲल्डिहाइडचं मेदाम्ल होतं. मेलेल्या माशावरच्या उजेडात मेदच जळत होता.

दोन धागे एकत्र

१९७८ साली हार्वर्डचे वुडलंड हेस्टिंग्ज आणि हैफाच्या टेक्निऑनचे शिमॉन उलिट्झर यांनी उजेड हरवलेल्या जिवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. या जिवाणूंचा लुसिफेरेज ठणठणीत होता, पण ॲल्डिहाइड बनवता येत नसल्याने ते अंधारात होते. बाहेरून ॲल्डिहाइड दिला की ते उजळत. त्यातल्या एका वाणाने मात्र वेगळीच गोष्ट केली: चौदा कार्बनचं मिरिस्टिक आम्ल नुसतं पाण्यात टाकलं तरी तो उजळला. मेदाम्लाचा ॲल्डिहाइड करण्याची यंत्रणा त्याच्यात शाबूत होती, अडथळा त्याआधीच्या पायरीवर होता. मेदाम्लापासून ॲल्डिहाइड बनवणारे हे एन्झाइम पुढे मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात एडवर्ड मीगन यांच्या गटाने उलगडले.

अर्थ सरळ होता. अंधारलेला जिवाणू नळीत ठेवा, त्यात नमुना घाला. मेदाम्ल असेल तर नळी उजळेल आणि उजेडाची तीव्रता आकडा सांगेल. उलिट्झर यांनी याच मार्गाने मेद तोडणाऱ्या लायपेज आणि फॉस्फोलायपेज एन्झाइमांची चाचणी बसवली, कारण ते एन्झाइम काम करतात तेव्हा मेदाम्लंच सुटतात. मासा मेल्यावर त्याच्या मांसात जे घडतं, नेमकं तेच आता नळीत उजेडाच्या रूपात दिसू लागलं.

पण जिवंत जिवाणू एका ठरावीक लांबीच्या मेदाम्लालाच चांगला प्रतिसाद देतो. रक्तात आणि माशात मात्र पामिटिक, ओलेइक असे अनेक प्रकार असतात. सगळ्यांची गोळाबेरीज हवी असेल तर दुसरी वाट लागते. ती वाट आर्थर कॉर्नबर्ग आणि डब्ल्यू. ई. प्राइसर यांनी १९५३ सालीच दाखवली होती. यकृतातला एक एन्झाइम एटीपी खर्चून मेदाम्लाला कोएन्झाइम-ए हा वाहक रेणू जोडतो. हा एन्झाइम साखळीच्या लांबीबाबत फारसा चोखंदळ नसतो. १९८०च्या सुमारास जपानमध्ये शिमिझू, तानी, यामादा आणि सहकाऱ्यांनी याला दुसरा एन्झाइम जोडला: तो या जोडीचं ऑक्सिडेशन करताना हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतो आणि ते रंगाच्या रूपाने मोजता येतं. हेप्टेन गेलं, नायट्रोजन गेला. सीरमचे काही मायक्रोलिटर पुरू लागले. दवाखान्यातल्या आजच्या बहुतेक किट याच वाटेवरच्या आहेत.

रंगाच्या ऐवजी उजेड आणला तो १९८४ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या एच. काथर आणि ई. वीलांड यांनी, मुक्त मेदाम्लांच्या मोजणीसाठी जैवदीप्तीची पद्धत प्रसिद्ध करून. अशा पद्धतीचं तत्त्व असं: रांगेतल्या माणसांनी घमेलं हातोहात पुढे द्यावं तसा एक एन्झाइम आपलं काम करून माल पुढच्याकडे सोपवतो. मेदाम्लाला कोएन्झाइम-ए लागतं, मग ऑक्सिडेशन, मग पाण्याचा रेणू जोडला जातो, मग आणखी एका पायरीत एनएडीएच हा ऊर्जा वाहणारा रेणू तयार होतो. शेवटी उभा असतो समुद्री जिवाणूचा लुसिफेरेज. एनएडीएचच्या बळावर सोबतचा एन्झाइम त्याला लागणारं फ्लेव्हिन तयार करून देतो आणि लुसिफेरेज निळसर प्रकाश सोडतो. काळ्या कप्प्यात बसवलेल्या नळीसमोर प्रकाशाचे कण मोजणारं उपकरण असतं. रंग मोजताना उजळ पार्श्वभूमीतून थोडा फरक वजा करावा लागतो. इथे पार्श्वभूमीच अंधाराची, त्यामुळे क्षीण उजेडही उठून दिसतो. म्हणून चरबीच्या मोजक्या पेशींतून सुटणारं मेदाम्लसुद्धा पकडता येतं.

याच साखळीच्या आणखी दोन शाखा आहेत. ऑक्सिडेशनच्या पायरीत सुटणारं हायड्रोजन पेरॉक्साइड ल्युमिनॉल या रसायनाला चमकवू शकतं. आणि पहिल्याच पायरीत खर्च होणाऱ्या एटीपीचा हिशेब काजव्याचा लुसिफेरेज ठेवू शकतो. १९८५ साली कॅलिफोर्नियात मार्लीन डेलुका, डोनाल्ड हेलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी काजव्याच्या लुसिफेरेजचं जनुक वेगळं काढलं, तेव्हापासून काजवे पकडायचीही गरज उरली नाही. साध्या जिवाणूत तो एन्झाइम वाढवता येतो.

या इतिहासातला सर्वांत विलक्षण दुवा हाती लागला २००३ साली, जपानमध्ये. युइची ओबा, माकोतो ओजिका आणि सातोशी इनोउये यांनी दाखवलं की काजव्याचा लुसिफेरेज मेदाम्लाला कोएन्झाइम-ए जोडण्याचं कामही करतो. नळीतला पहिला एन्झाइम आणि काजव्याच्या शेपटीतला एन्झाइम हे एकाच कुळातले. मेदाम्ल हाताळणारा जुना एन्झाइम उत्क्रांतीच्या ओघात उजेड देऊ लागला, असा याचा सर्वमान्य अर्थ. पावसाच्या तोंडावर आंबोलीच्या झाडीत जे लुकलुकतं, त्याचं मूळ पेशीच्या स्वयंपाकघरात, मेद पचवण्याच्या रोजच्या कामात आहे.

किनाऱ्याचं देणं

बॉयल, द्युबुआ, मॅकएल्रॉय यांच्यापैकी कुणीही माशाच्या तेलाचा दर्जा किंवा रुग्णाचं रक्त डोळ्यांपुढे ठेवून काम केलं नव्हतं. त्यांना उजेड समजून घ्यायचा होता. तेलाची गरज असलेली माणसं वेगळीकडे घाम गाळत होती. दोन्ही कामं प्रामाणिकपणे आपापल्या टोकाला पोचली, म्हणून ती जुळली. 'याचा उपयोग काय?' असं पहिल्याच दिवशी विचारणाऱ्या समाजाला अशी साधनं मिळत नाहीत, हे मला या इतिहासात लखलखीत दिसतं.

आपल्या शेजारीही या वाटेवर काम झालं आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, गोव्यातल्या दोना पावल इथे, एन. रामय्या आणि डी. चंद्रमोहन यांनी चमकणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास केला. किनाऱ्यालगतच्या प्रदूषणावर लक्ष ठेवायला या जिवाणूंचा उजेड कसा वापरता येईल, यावरचं त्यांचं काम १९९३मध्ये प्रसिद्ध झालं. विषारी पाणी लागलं की जिवाणूचा उजेड मंदावतो, हे त्यामागचं तत्त्व.

सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांत हा विषय जिवंत करणं अवघड नाही. ताजं, न धुतलेलं माकूल पसरट भांड्यात ठेवायचं, अर्धं बुडेल इतकं समुद्राचं पाणी घालायचं आणि भांडं थंड जागी रात्रभर झाकून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी खोलीत पूर्ण अंधार करून, डोळे सरावेपर्यंत थांबलं की त्वचेवर निळसर ठिपके दिसू शकतात. त्यातला एक ठिपका निर्जंतुक काडीने मिठाच्या अगारवर रेघून घेतला की चमकणाऱ्या जिवाणूचं शुद्ध बीज हाती येतं. हार्वर्ड असो की हायडेलबर्ग, सुरुवात अशाच थाळीने होते.

व्यवहाराचं सांगायचं तर पिंपभर तेलाचा आम्लांक काढायला ब्युरेट पुरेशी आहे आणि ती कुणीही वापरावी. उजेडाची पद्धत लागते ती त्याच्या आधीच्या तासांसाठी: एकेका माशात, चिमूटभर मांसात, होडीवर बर्फ घातल्या क्षणापासून मेदाम्ल कसं वाढतं ते बघण्यासाठी. आज तारलीचा मोठा वाटा फिशमीलच्या कारखान्यांकडे जातो आणि भाव टोपलीवर ठरतो. दोन तासांत बर्फात गेलेली तारली आणि दुपारपर्यंत तापलेली तारली एकाच ढिगात पडते. निकोल्सन यांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितलं तेच आजही खरं आहे, मोल वेळेचं आहे. तो वेळ आकड्यात दाखवणारं मोजमाप किनाऱ्याजवळच्या प्रयोगशाळेत उभं राहिलं, तर मासा वेळेत बर्फात घालणाऱ्या रापणकाराला आपल्या तारलीचा वेगळा भाव पुराव्यानिशी मागता येईल. तो मिळणं हा त्याचा हक्क आहे.